अक्षरांची मालकी : आमच्या अभ्यासिकेतल्या संगणकांच्या निमित्ताने

१४ ऑक्टोबर ही तारीख या नियतकालिकाच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. १९५६ साली त्या दिवशी नागपूरला धम्मदीक्षा झाली. २०२५ साली त्याच तारखेला एक अगदी वेगळी गोष्ट घडली. मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने ‘विंडोज १०’ या आपल्या संगणक प्रणालीची नेहमीची देखभाल त्या दिवसापासून बंद केली. हा निव्वळ योगायोग आहे, आणि योगायोगातून अर्थ काढण्याची आपली रीत नाही. पण त्या दिवशी लोणावळ्यातल्या आमच्या विहारात वंदना आटोपल्यावर अभ्यासिकेतली मुले माझ्याभोवती जमली. त्यांतल्या बारावीच्या एका मुलीने विचारले, “सर, आता आपले संगणक भंगारात जाणार का?” तिला मी दोन वाक्यांत उत्तर दिले. ते पुरेसे नव्हते. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे. मावळात आणि मावळाबाहेर विहारांतून, वसतिगृहांतून, वस्तीतल्या वाचनालयांतून अशा अभ्यासिका चालवणारे अनेक कार्यकर्ते आहेत. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न उभा आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने मांडतो.

प्रश्न काय होता?

आमच्याकडे सहा संगणक आहेत. कचेऱ्यांनी नवे घेतले तेव्हा जुने आम्हांला मिळाले. पाच यंत्रे दहा-बारा वर्षांची, सहावे त्याहून जुने. त्यांवर मुले स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात, शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, जातीच्या दाखल्याचे कागद जोडतात. बंगल्यांवर आणि हॉटेलांत काम करणाऱ्या बाया संध्याकाळी येतात आणि मुलांकडून बँकेचे, रेशनचे काम करून घेतात.

देखभाल बंद झाली म्हणून यंत्र बंद पडत नाही. संगणकाच्या प्रणालीत सुरक्षेच्या दृष्टीने उणिवा सापडत राहतात आणि बनवणारा त्या वेळोवेळी बुजवत असतो. ते बुजवणे थांबते. ज्या यंत्रावर वस्तीतल्या माणसांचे आधार क्रमांक आणि बँकेचे खाते उघडले जाते त्याला हा धोका लहान नाही. कंपनीने मुदतवाढीची एक सोय ठेवली, पण ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. पुढची प्रणाली, म्हणजे ‘विंडोज ११’, घ्यायची तर यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. आमची यंत्रे चौथ्या पिढीची. चालत होती, पण नियमात बसत नव्हती.

मार्ग तीन होते. नवे संगणक घेणे हा पहिला. त्याला पैसे नव्हते. दुसरा मार्ग बाजारात सर्रास चालतो. दुकानातला मुलगा कसलीतरी युक्ती करून प्रणाली ‘टाकून देतो’. आमच्या सहापैकी दोन यंत्रांवरची विंडोज अशीच टाकलेली होती, हे मला माहीत होते आणि मी गप्प होतो. शेजारच्या खोलीत मुले रोज पंचशील म्हणतात. न दिलेले घेणार नाही, हे त्यांतले दुसरे शील. त्याच भिंतीच्या अलीकडे आम्ही चोरीची नक्कल चालवत होतो. गरिबाने केलेली चोरी ती चोरी नव्हे, असा युक्तिवाद मी स्वतःशी अनेकदा केला आहे. पण त्या युक्तिवादाने मुलांपुढे उभे राहता येत नाही. शिवाय अशा नकलेत काय मिसळलेले असते ते कोणालाच ठाऊक नसते.

तिसरा मार्ग प्रणालीच बदलण्याचा. तो आम्ही घेतला. आमचे संगणक आता लायनक्सवर चालतात.

फुकट आणि मुक्त

लायनक्सविषयी बोलू लागलो की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, “फुकट आहे का?” फुकट आहे. पण तेवढेच सांगून थांबलो तर महत्त्वाचे सांगायचे राहते.

आपल्या आजोबा-पणजोबांना पाणी फुकटच मिळत होते. विहिरीवर सवर्ण बाई येईपर्यंत वाट पाहायची, ती वरून ओतील तेवढे घागरीत घ्यायचे. त्या पाण्याला कोणी पैसे मागत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते पाणी स्वस्त व्हावे म्हणून घेतले नाही. पाणवठ्यावर स्वतः उतरण्याचा हक्क आणि वरून ओतलेले पाणी यांत जो फरक आहे, तोच फरक मुक्त सॉफ्टवेअर आणि फुकट सॉफ्टवेअर यांत आहे. आपल्या हातातल्या फोनवर कितीतरी गोष्टी फुकट मिळतात. देणारा उद्या हात आखडता घेईल तर आपल्याला काही म्हणता येत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरची कल्पना रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरने मांडली. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ नावाचा प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला चार हक्क असले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे आहे. ते कोणत्याही कामासाठी वापरण्याचा हक्क पहिला. ते आतून कसे चालते याचा अभ्यास करून त्यात बदल करण्याचा हक्क दुसरा. त्याच्या प्रती इतरांना देण्याचा तिसरा. आणि आपण बदललेली प्रत इतरांना देण्याचा चौथा. अभ्यास करायचा तर मूळ लिखाण, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला सोर्स कोड, उघडा असला पाहिजे. विकत घेतलेल्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तो झाकलेला असतो. तिथे आपल्याला मिळतो तो वापरण्याचा परवाना. वस्तूची मालकी मिळत नाही.

१९८९ साली या हक्कांचा जाहीरनामा कायद्याच्या भाषेत आला. त्याला ‘जीपीएल’ म्हणतात. त्यातली एक अट मला फार मोलाची वाटते. हे सॉफ्टवेअर ज्याने घेतले त्याने ते बदलून पुढे दिले, तर त्यानेही पुढच्याला हेच हक्क दिले पाहिजेत. आपण वर चढलो आणि शिडी ओढून घेतली, असे येथे करता येत नाही. शिकून मोठ्या झालेल्या आपल्यातल्या माणसांविषयी बाबासाहेबांना जी खंत होती ती आठवली म्हणजे या अटीचे महत्त्व वाचकाच्या ध्यानात येईल.

१९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने संगणकाच्या प्रणालीचा गाभा लिहिला, तो लायनक्स. ग्नूची अवजारे आणि हा गाभा मिळून पूर्ण प्रणाली झाली. तिच्यावर १९९३ मध्ये ‘डेबियन’ उभी राहिली, डेबियनवर २००४ मध्ये ‘उबुंटू’, आणि उबुंटूवर २००६ मध्ये ‘लिनक्स मिंट’. आम्ही वापरतो ती मिंट. प्रत्येकाने आधीच्याचे काम घेतले, त्यात आपली भर घातली आणि पुढे दिले. कोणाला कोणाची परवानगी मागावी लागली नाही.

असे हजारो माणसांचे काम एकत्र उभे राहते, यावर मुलांचा चटकन विश्वास बसत नाही. त्यांना मी कार्ल्याला घेऊन गेलो. लोणावळ्यापासून ते हाकेच्या अंतरावर आहे आणि आपल्या मुलांना ते बहुधा फक्त सहलीचे ठिकाण म्हणून माहीत असते. तिथले चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरले. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने ते पूर्ण केल्याचा लेख आहे. पण ते एकट्या श्रेष्ठीचे नाही. तिथे दात्यांचे लेख आहेत. त्यांत धेनुकाकट गावाचे यवन आहेत, सिंहदत्त नावाचा गंधी आहे, आणि दार करणारा सामी नावाचा सुतार आहे. सुताराचे नाव श्रेष्ठीच्या नावाइतक्याच टिकाऊ दगडात आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्येही मोठा भाग लिहिणाऱ्याचे आणि एक चूक दुरुस्त करणाऱ्याचे नाव त्याच नोंदवहीत राहते.

कार्ल्याचे हे लेख ब्राह्मी लिपीत आहेत. ती लिपी पुढे लोक विसरले. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा करीपर्यंत त्या दगडावर काय लिहिले आहे हे खालच्या गावांतल्या कोणालाही वाचता येत नव्हते. अक्षरे डोळ्यांसमोर होती; वाचण्याची किल्ली हरवली होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण असाच प्रसंग आमच्यावर आला, आणि तोही अवघ्या वीस वर्षांत.

आबांची सव्वाशे पाने

आमच्या वस्तीत एक जुने कार्यकर्ते होते. त्यांना सगळे आबा म्हणत. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हा आबा दहा-अकरा वर्षांचे होते आणि वडिलांबरोबर तेथे गेले होते. धर्मांतराच्या वेळी मावळातल्या गावांत काय झाले, मेलेली ढोरे ओढण्याचे काम कोणी कधी सोडले, त्यावर गावाने काय केले, हे त्यांना तोंडपाठ होते. २००४ साली त्यांनी ते सारे आपल्या लेकीला सांगितले. तिने वहीत उतरवले आणि टंकलेखनाच्या दुकानातून टाइप करून घेतले. सव्वाशे पाने झाली. छापायला पैसे जमले नाहीत. पुढे आबा गेले. पावसाळ्यात वही भिजून गेली. उरली ती एक सीडी.

ती सीडी संगणकात घातली तेव्हा फाइल उघडली, पण पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची नुसती खिचडी दिसली. ज्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते टाइप केले होते ते चालवायला प्रिंटरच्या जुन्या खोबणीत बसणारे एक ‘लॉक’ लागत असे. ते लॉक ज्याच्याकडे होते ते दुकान बंद झाले होते, आणि तशी खोबण नव्या संगणकांना नसते.

हे का होते ते समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या चळवळीची गेल्या तीस-पस्तीस वर्षांतली असंख्य पत्रके, स्मरणिका, मासिकांचे अंक अशाच अवस्थेत पडले आहेत.

संगणकाला अक्षर कळत नाही, अंक कळतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. जुन्या मराठी फॉन्टांना स्वतःचे क्रमांक नव्हते. त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवली. एका कंपनीच्या फॉन्टात इंग्रजी ‘डी’च्या जागी ‘क’चे चित्र, तर दुसरीच्या फॉन्टात त्या जागी आणखी काही. म्हणजे फाइलमध्ये मराठी नसतेच. मराठीपण सारे त्या फॉन्टात असते आणि फॉन्ट कंपनीच्या मालकीचा असतो. फॉन्ट गेला की लिखाण गेले. लिहिणारे आपण, मजकूर आपला, पण तो वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

यावरचा उपाय युनिकोड. जगातल्या सर्व लिप्यांतील प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला, जाहीर क्रमांक द्यायचा, ही ती योजना. १९९१ मधल्या तिच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी तिच्यात आहे. तिला आधार झाला तो आपल्याकडे भारतीय लिप्यांसाठी तयार झालेल्या ‘इस्की’ या संकेताचा. युनिकोडात ‘क’चा क्रमांक २३२५. हा क्रमांक पुण्यात तोच, परभणीत तोच, आणि कोणत्याही प्रणालीवर तोच. ‘ॲ’ या अक्षराला मात्र २००८ पर्यंत थांबावे लागले.

आबांची पाने जुन्या संकेतातून युनिकोडात आणायची होती. आमच्या येथील एका महाविद्यालयीन मुलाने आणि त्या बारावीच्या मुलीने मिळून तक्ता केला : अमुक इंग्रजी चिन्ह म्हणजे तमुक मराठी अक्षर. मग ‘पायथन’ या मुक्त भाषेत लहानसा प्रोग्राम लिहिला. नुसती अदलाबदल पुरत नाही. ‘शिका’ हा शब्द घ्या. जुना फॉन्ट डोळ्यांना दिसते त्या क्रमाने चालतो, म्हणून तिथे वेलांटी आधी आणि ‘श’ नंतर. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालतो, म्हणून ‘श’ आधी आणि वेलांटी नंतर. ‘धर्म’मधला रफार जुन्या फॉन्टात ‘म’च्या नंतर येतो, युनिकोडात ‘म’च्या आधी. हे सारे प्रोग्रामला शिकवावे लागले. पंधरा दिवस गेले. पण मुलांना आपल्या लिपीची रचना जेवढी त्या पंधरा दिवसांत समजली तेवढी दहा वर्षांच्या शाळेत समजली नव्हती.

काय केले, कसे केले

आता कार्यकर्त्यांना उपयोगी पडेल असे काही.

प्रणाली बदलण्याआधी प्रत्येक यंत्रातल्या फाइली बाहेर दोन ठिकाणी उतरवून ठेवाव्यात. यात आळस करू नये. त्यानंतर आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट उतरवून घ्यावी. विंडोजवरून हे करण्यासाठी ‘रुफस’ हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला की आतल्या जुन्या प्रणालीला हात न लावता नवी प्रणाली चालवून पाहता येते. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, हे तेव्हाच पाहून घ्यावे. पटले तरच आत बसवावी. मिंटचा ‘एक्सएफसीई’ हा हलका प्रकार चार जीबी मेमरीच्या यंत्रावर नीट चालतो. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवली तर यंत्राचा वेग पुष्कळ वाढतो; एवढा एक खर्च करण्याजोगा आहे.

लिखाणासाठी ‘लिब्रेऑफिस’ आहे. २०१० पासून ते स्वतंत्रपणे चालू आहे आणि त्याचे पडद्यावरचे शब्द मराठीत करून घेता येतात. ते ज्या ‘ओडीएफ’ पद्धतीने फाइल जपते तिचे नियम जाहीर आहेत. २००६ साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता मिळाली. उद्या लिब्रेऑफिस उरले नाही तरी ते नियम वाचून कोणालाही ती फाइल उघडता येईल. मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट कीबोर्ड प्रणालीतच असतो. त्यात स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे, आणि सर्व भारतीय लिप्यांसाठी मांडणी एकच. आठवड्याभराच्या सरावाने हात बसतो. फॉन्टांचीही वाण नाही. रेड हॅट या कंपनीने ‘लोहित’ खुला केला, तर मुंबईच्या एक टाइप या गटाने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ खुल्या परवान्याने दिले.

पत्रक, स्मरणिका, अंक यांच्या मांडणीसाठी ‘स्क्रायबस’ आहे. देवनागरी जोडाक्षरे त्याला पूर्वी नीट येत नसत; २०२४ मध्ये आलेल्या १.६ या आवृत्तीपासून येतात. चित्रांसाठी ‘इंकस्केप’ आणि ‘गिंप’. वृद्धांच्या आठवणी, जलशातली गाणी ध्वनिमुद्रित करून साफ करण्यासाठी ‘ऑडॅसिटी’. आणि छापील पानाच्या छायाचित्रावरून मजकूर ओळखणारे ‘टेसरॅक्ट’, जे मराठीही वाचते. जुन्या खराब छपाईत ते पुष्कळ चुका करते, म्हणून मुद्रितशोधन माणसानेच करायचे.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. प्रिंटर दोन दिवस चालला नाही. सर्वांत जुने सहावे यंत्र बत्तीस बिटांचे. अशा यंत्रांसाठी लायनक्सच्याही नव्या आवृत्त्या एकेक करून मिळेनाशा होत आहेत, तेव्हा त्यावर डेबियनची आधीची आवृत्ती बसवून ते केवळ वाचनासाठी ठेवले. टंकलेखनाच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांचे सरावाचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते. त्यांच्यासाठी एक यंत्र, ज्यावरची विंडोज रीतसर घेतलेली होती ते, तसेच ठेवले आणि त्याचे इंटरनेट काढून टाकले. तत्त्वासाठी मुलांची परीक्षा बुडवणे मला मान्य नाही. ते यंत्र धरूनही अभ्यासिकेत आज चोरीचे काही नाही.

कागदावरचा हक्क

हे सारे वाचून कोणी म्हणेल की मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे समतेचे राज्यच. तसे नाही.

या क्षेत्रात लिहिणाऱ्याला इंग्रजी लागते, सवड लागते, घरात संगणक लागतो. ज्यांच्याकडे या गोष्टी पिढ्यान् पिढ्या आहेत तेच येथेही पुढे आहेत. लायनक्सच्या गाभ्याचे बरेचसे काम आज मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंते करतात. सोर्स कोड उघडा आहे हे खरे, पण तो वाचता न येणाऱ्याला उघडा आणि झाकलेला सारखाच. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदावर खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी १९२७ पर्यंत तळ्याला आपला हात लागला नव्हता. कागदावरचा हक्क आणि बजावलेला हक्क यांत हे अंतर असते, आणि ते दुसरा कोणी चालून देत नाही.

ते अंतर चालता येते याचे दाखले आहेत. केरळने २००१ मध्ये सरकारी शाळांसाठी ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू केला आणि पुढे शाळांतले संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले. आपला घाट उतरला की रायगड जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातल्या खैरात-धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत २००७ साली मुलांच्या हाती लायनक्सवर चालणारे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. वाडीवस्तीवरचे मूल ही यंत्रे हाताळू शकते का, हा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला. सी-डॅकने ‘बॉस’ नावाची भारतीय लायनक्स २००७ मध्ये काढली. केंद्र सरकारने २०१५ साली आपल्या कारभारात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. धोरण आहे, त्याची आठवण कचेऱ्यांना आपणच करून द्यायची.

चळवळीच्या दृष्टीने याहून तातडीचे काम आपल्या लिखाणाचे आहे. ‘मूकनायक’ १९२० साली निघाले, ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली. दुसऱ्यांच्या पत्रांत आपल्याला जागा नाही, हे ओळखून बाबासाहेबांनी स्वतःची पत्रे काढली आणि पुढे चळवळीचा स्वतःचा ‘भारत भूषण’ छापखाना उभा राहिला. खिळे आपले असले पाहिजेत, हा त्यामागचा विचार होता. आजचे खिळे म्हणजे फॉन्ट, कीबोर्ड आणि फाइलची पद्धत.

शिवाय कायद्यानेही आता काही दारे उघडली आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे त्याच्या लिखाणावरचा स्वामित्वहक्क संपतो. म्हणून बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे झाले आहे. जोतीराव फुले यांचे तर केव्हाच झाले. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले; त्यांचे लेखन २०३० च्या आरंभी मुक्त होईल. संपादकांच्या टिपा आणि नव्या प्रस्तावना यांचे हक्क वेगळे असतात, एवढे भान ठेवून हे साहित्य युनिकोडात आणणे, तपासणे आणि सर्वांना देणे हे काम आपल्या महाविद्यालयीन मुलामुलींना करता येईल. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तिथे आपल्या वस्त्यांची, आपल्या माणसांची नोंद किती आहे ते पाहावे, आणि तक्रार करण्याऐवजी भर घालावी. लिब्रेऑफिसमधला एखादा मराठी शब्द बोजड वाटला तर तो सुधारून पाठवण्याचीही सोय आहे. पाठवणाऱ्याला कोणी जात विचारत नाही; अर्थात तिथपर्यंत पोचेतो जातीने वाटेत किती धोंडे टाकलेले असतात, हे आपण जाणतोच.

शेवटी आबांच्या पानांविषयी. प्रोग्रामने केलेला मजकूर आम्ही कागदावर छापून आबांच्या लेकीला, आमच्या आक्काला, वाचायला दिला. तिने चौथ्या पानावर बोट ठेवले. “आबा कधी समुद्रावर गेले नव्हते,” ती म्हणाली. पाहिले तर ‘रात्री दऱ्या ओलांडून आम्ही कामशेतला आलो’ या वाक्यात ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झाले होते. मुलांच्या तक्त्यात साधा ‘र’ होता, क्रमांक २३५२. आपल्या दऱ्याखोऱ्यांना लागणारा ‘ऱ’ वेगळा, त्याचा क्रमांक २३५३. तो तक्त्यातून राहून गेला होता. एका आकड्याच्या फरकाने मावळातल्या दऱ्यांचा समुद्र झाला होता. बंद सॉफ्टवेअर असते तर ती चूक आम्हांला नुसती सोसावी लागली असती. प्रोग्राम आमचा होता, म्हणून त्या मुलीने तिथेच बसून तो दुरुस्त केला आणि सव्वाशे पाने पुन्हा काढली. आक्का आता पुढची पाने तपासते आहे. ज्यांच्याकडे जुन्या फॉन्टांतली अशी लिखाणे पडून आहेत, त्यांनी ती वाचणारी माणसे हयात आहेत तोवर हे काम हाती घ्यावे.